चोवीस मिनिटांची वजाबाकी

४ जून

संपादकांचा फोन आला. पुस्तक मलाच द्यायचं ठरलंय. शेकडेवारी आणि उत्पन्न यांवरची साठ शाब्दिक उदाहरणं, शेवटी उत्तरं, आणि मुखपृष्ठावर माझं नाव. तीस वर्षं मी दुसऱ्यांनी रचलेली उदाहरणं फळ्यावर सोडवली, आता दुसरे माझी सोडवतील. उदाहरणं पाठकोऱ्या कागदांवर करणार आहे आणि मनातलं या वहीत.

खाली दुकानात जाऊन ह्यांना सांगितलं. एका शिलाई मशीनच्या पोटात डोकं घालून बसले होते. डोकं बाहेर न काढताच म्हणाले, "साठ? म्हणजे साठ वेळा पोरांच्या शिव्या." आणि स्वतःच हसले. मी न हसता वर आले.

९ जून

रीत ठरली आहे. आधी उत्तर, मग प्रश्न. उत्तर सुटसुटीत हवं. पोराच्या हाती पावणेचार माणसं आली की त्याचा गणितावरचा विश्वासच उडतो. आकडेही हवेतून काढून चालत नाहीत, खोटे वाटतात. म्हणून मी खिडकीत बसते. समोर बेकरी आहे. तिथे रोज तीनशे पाव जातात, एक चाळीसला. सतरावं उदाहरण त्यावरच केलं: बेकरीवाल्याने किंमत १० टक्क्यांनी वाढवली, त्यामुळे खप १० टक्क्यांनी घटला, तर उत्पन्नात किती टक्के फरक पडेल?

निम्मा वर्ग म्हणतो, काहीच नाही, दहा वर आणि दहा खाली. मग मी विचारायची, "दहा टक्के, पण कशाचे?" चव्वेचाळीस गुणिले दोनशे सत्तर, म्हणजे अकरा हजार आठशे ऐंशी. आधी बारा हजार होते. एक टक्का गेला. हा खड्डा मी तीस वर्षं पोरांना बोट धरून दाखवला आणि तीस वर्षं पोरं नेमाने त्यात पडली.

२० जून

पहिली वीस उदाहरणं संपादकांकडे जाऊन छापखान्यात अक्षरजुळणीला लागली. आज बेकरीवाला जिना चढून वर आला. सहा फुटांचा माणूस, पण दारातच उभा राहिला.

"वहिनी, तुम्ही गणितातल्या, म्हणून विचारतो. सोमवारपासून मी पाव चव्वेचाळीसला केला. त्या दिवसापासून रोज तीस पाव उरतात."

"भाव वाढला की खप कमी होणारच."

"तसं नाही हो. रोज तीस. एकोणतीस नाहीत की एकतीस नाहीत. काल दुपारी मुद्दाम दोन मीच खाल्ले. संध्याकाळी मोजले, तरी तीस." हसत होता, पण हातातली टोपी पिळत होता.

मी त्याला एक टक्क्याचा हिशेब समजावला. त्याला तो काही केल्या पटला नाही. "दहा वर, दहा खाली, बरोबरीच की," असं पुटपुटत जिना उतरला. योगायोग आहे, दुसरं काय. फक्त एवढंच की चव्वेचाळीस मी आधी लिहिलं आणि त्याने नंतर केलं.

२७ जून

आज डोकं फिरलं. संध्याकाळची वेळ माझी लिहायची, उजेड छान असतो, उदाहरणं भराभर सुचतात. सात वाजले की हे दुकान बंद करून वर येतात, तेलकट हात धुतात आणि माझ्या खुर्चीमागे उभे राहून कागद मोठ्याने वाचतात. "एका टाकीला दोन नळ आहेत. अहो मास्तरीणबाई, या टाकीच्या मालकाला पाणी साठवायचंय की घालवायचंय?" मी म्हटलं, शेकडेवारी आहे, नळ विनोदासाठी मध्ये आणू नका. तर म्हणतात, "बरं, मग या दुकानदाराने भाव वाढवण्याआधी बायकोला विचारलं होतं का?" लग्नाला तेहतीस वर्षं झाली, माणूस गप्प बसायला काही शिकला नाही. आज अर्धं उदाहरण डोक्यातून गेलं ते गेलंच.

२ जुलै

एकेचाळिसावं ह्यांच्यावरच केलं. दहा तास वाकून बसतात, नऊ ते सात, एका दिवसाचा खाडा नाही. पाठ धरून जिना चढतात. 'एक कारागीर रोज १० तास काम करतो. कामाचे तास २० टक्क्यांनी कमी झाले, तर तो रोज किती तास काम करेल?' उत्तर आठ. फारच सोपं आहे, पण अवघड चढणीवर मध्येच एक सोपं लागतं.

मसुद्यात पुढे एक वाक्य होतं, 'उरलेले दोन तास तो घरच्या माणसांबरोबर घालवतो.' ते खोडलं. उदाहरण उगाच लांबत होतं.

१० जुलै

काय लिहावं कळत नाही, म्हणून जसं घडलं तसं लिहिते.

रोजच्यासारखा पाचला चहा घेऊन खाली गेले. कप ह्यांच्या हातात दिला. हे म्हणाले, "बॉबिन अडकतंय बघ, ह्या..." आणि मी वळून झाडूला हात घातला. परत बघते तर खुर्ची रिकामी. दिवा चालू, मशीनखाली कापड, अर्धी टीप मारलेली, चहा टेबलावर, पेचकस जमिनीवर. मागचं दार आतून कडी लावलेलं आणि पुढच्या दारात मी. वाटलं, आपलं लक्ष नसेल, गेले असतील बेकरीत. तिथे नव्हते. गल्लीत विचारलं, कुणी पाहिले नव्हते.

सात वाजता आतून आवाज आला, "...मशीनच्या दातात." हे खुर्चीत बसले होते. कप उचलून तोंडाला लावला आणि तोंड वाकडं केलं. "अगं, आत्ता तर दिलास, इतक्यात गार कसा?" मी विचारलं, कुठे होता? तर माझ्याकडे असे बघायला लागले की मीच विचित्र बोलतेय.

१३ जुलै

तीन दिवस तेच. पाचला नाहीत आणि सातला आहेत. आज मी ह्यांच्यासमोर स्टुलावर बसले आणि ह्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरून ठेवलं. हे म्हणाले, "या वयात हे काय? गिऱ्हाईक येईल." पापणीसुद्धा लवू द्यायची नाही असं ठरवलं होतं. तरी सांगता येत नाही नेमकं कधी. मनगट होतं, आणि मग मी मशीनचं चाक धरून बसले होते. गार लोखंड.

दोन तास तशीच बसले. आले तेव्हा हात बर्फासारखे होते. मनगटावरच्या घड्याळात अजून पाचच वाजले होते. "हे रोज दोन तास मागे पडतंय," असं म्हणत ह्यांनी घड्याळ उघडलं आणि भिंगातून बघत बसले. "यात तर काहीच बिघाड नाही."

दहातले दोन तास. वीस टक्के. मी वर येऊन कागद काढले. एकेचाळिसावं दहा तारखेलाच जुळणीला लागलं होतं. मी लिहिलं होतं, तास कमी झाले. कमी झालेले कुठे गेले ते लिहिलंच नव्हतं. गणितात ते कुणी विचारतही नाही.

१४ जुलै

सकाळी संपादकांना फोन केला. एकेचाळिसावं काढा म्हटलं, तर म्हणाले, त्या सोळा पानांचा फर्मा आत्ता छपाईला चढतोय, काढायला वेळ नाही, पण खाली चार ओळींची जागा रिकामी आहे, बेचाळिसावं तिथे घालायचं असेल तर आत्ताच सांगा. मी उभ्या उभ्या सांगितलं, 'त्याच कारागिराचे कामाचे तास नंतर २० टक्क्यांनी वाढले, तर आता तो रोज किती तास काम करेल?'

"उत्तर?"

"उत्तरं शेवटी एकदम पाठवते," म्हटलं आणि फोन ठेवून जिन्यातच खाली बसले. देवा, सुटले.

१५ जुलै

पाचला चहा दिला. पाच दहा, पाच वीस, हे जागेवर. साडेपाचला मी रडायलाच लागले. "बॉबिन अडकलंय, त्यात रडायचं काय?" म्हणाले. सहाला वर आले आणि किती दिवसांनी आरामात खिडकीत बसले. सातला हे वर आले, खुर्चीमागे उभे राहून कागद वाचायला लागले. मी म्हटलं, वाचा, अजून मोठ्याने वाचा.

हात फार गार होते.

१७ जुलै

घड्याळ मागे पडतंय. दोन तास नाही, चोवीस मिनिटं. हेच सांगत वर आले, "सुधारतंय हळूहळू." मी पाठकोरा कागद ओढला.

दहाचे वीस टक्के कमी, आठ. आठचे वीस टक्के जास्त, नऊ पूर्णांक सहा दशांश. दहा नाही. वीस टक्के, पण कशाचे? पंचवीस म्हणायला हवं होतं. तीस वर्षं ज्या चुकीवर फुल्या मारल्या, ती मी फोनवर उभ्या उभ्या केली. जन्मात पहिल्यांदा प्रश्न आधी केला आणि उत्तर नंतर काढायचं ठरवलं.

दुपारी दुसरंही मान्य केलं. ते वाक्य मी उदाहरण लांबतं म्हणून खोडलं नव्हतं. दोन तास आधी हे वर आले तर माझी संध्याकाळ जाईल, म्हणून खोडलं. मला ते नको होते. खरं तेच आहे.

२१ जुलै

ह्यांना सगळं सांगितलं. थट्टा करतील वाटलं होतं, केली नाही. मशीनला तेल देत बसले. मग म्हणाले, "मला काही कळत नाही गं. माझं बोलणं मध्ये कुठे तुटलंय असं वाटतच नाही. पण आल्यावर..."

"आल्यावर काय?"

"समोर एक बाई दिसते. ती कोण, हे थोड्या वेळाने आठवतं. परवा लगेच आठवलं. काल जरा वेळ लागला. आज मनातल्या मनात अकरापर्यंत आकडे झाले, मग तू झालीस."

मी विचारलं, भीती वाटते का? "मला नाही. तुला ओळखलं की सगळं ठीक होतं," म्हणाले. "पण अकराचे बावीस होतील, बावीसचे पन्नास. तुझंच खातं आहे ते. बघ काही जमतं का."

२६ जुलै

जमत नाही. वहीत लिहिलं, तास सव्वाचार टक्क्यांपेक्षा जरा कमी इतके वाढले, अगदी अपूर्णांकात मांडून लिहिलं. काही झालं नाही. वहीतलं चालत नाही, पुस्तकातलंच चालतं. संपादकांना विनवलं की बेचाळिसाव्यात वीसचे पंचवीस करा. ते हसले. "बाई, फर्मा छापून झाला. आणि अहो, एक्केचाळीस-बेचाळीसची जोडी तर पुस्तकातली सगळ्यात सुंदर. काय सापळा लावलाय! मी तर मलपृष्ठावर नमुना म्हणून तीच टाकलीय." आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्या गणिताला सुंदर म्हणालं.

आज एकोणतीसपर्यंत आकडे झाले.

२९ जुलै

बेकरीवाला उरलेले पाव घेऊन आला होता. सव्वासहाला दुकानातच ह्यांच्याशी गप्पा मारत बसला. मला तिथे बसवेना आणि उठवेना. काहीतरी बोलायचं म्हणून त्याला बेचाळिसावं घातलं. तो बोटांवर मोजायला लागला.

"वीस खाली, वीस वर. दहाच की! मी तुम्हाला तेव्हाच म्हटलं होतं वहिनी, बरोबरी होते."

मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात घड्याळ बघितलं. सहा छत्तीस होऊन गेले होते. मशीन चालू होतं. हे टीप मारत होते. सहा चाळीस. सहा पन्नास. सात. हात लावून बघितले, कोमट, तेलकट. "सारखं सारखं हात काय धरतेस?" म्हणाले. बेकरीवाला लाजून उठला.

३१ जुलै

काल बेकरीवाल्याला पुन्हा विचारलं. "सांगितलं ना, दहा." हे राहिले. आज तो मालाच्या खरेदीला गेला होता. हे गेले. आल्यावर चौतीस आकडे.

म्हणजे असं आहे. ज्या दिवशी कुणीतरी मनापासून दहा म्हणतं, त्या दिवशी हे पूर्ण दहा तास असतात. मी स्वतः म्हणून पाहिलं. मोठ्याने, शंभर वेळा. उपयोग नाही, कारण मला खरं उत्तर माहीत आहे.

४ ऑगस्ट

उत्तरांची पानं आज द्यायची. एक ते एक्केचाळीस लिहून झाली. बेचाळीस रिकामं ठेवून पुढची अठरा लिहिली. मग पेन हातात घेऊन बसले.

माझ्या नावाचं पुस्तक आहे. आजवर मी एकही चुकीचं उत्तर फळ्यावर राहू दिलेलं नाही. एकदा तर शाळा सुटल्यावर अर्ध्या रस्त्यातून परत जाऊन एक दशांश चिन्ह पुसलं होतं. ज्यांना शिकवलं त्यांतले कितीतरी आज स्वतः शिकवतात, ते हे पुस्तक उघडतील. आणि जी पोरं ही चूक करायचीच, त्यांना मी पुस्तकातूनच सांगणार की बाळांनो, तुमचं बरोबर आहे.

खालून मशीनचा आवाज येत होता. सहा छत्तीसला थांबला.

मी लिहिलं: (४२) १० तास. पाकीट बंद केलं. खाली गेले आणि खुर्चीसमोर उभी राहिले, म्हणजे आल्यावर सगळ्यात आधी मी दिसेन.

१२ सप्टेंबर

पुस्तक येऊन तीन आठवडे झाले. कागद बरा आहे, नाव जरा लहान छापलंय. हे एकदाही गेले नाहीत. नऊ ते सात पूर्ण, घड्याळ मिनिटाला बरोबर.

आमच्या जुन्या मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. आधी कौतुक, मग, "बेचाळिसाव्याचं तेवढं छपाईची चूक आहे ना गं?" नाही म्हटलं. त्यांनी फोन ठेवून दिला. संपादक तर ओरडलेच. दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवतो म्हणाले. मी म्हटलं, चिकटवाल तर सगळीकडे सांगत फिरेन की चूक तुमच्या छापखान्याची. इतकं खोटं मी कधीच बोलले नव्हते. चिठ्ठी नाही, पण पुढचं पुस्तकही नाही. बाजारात भाजी घेताना एक शिक्षिका ओळख न दाखवता गेली. लागलं. पण सातला हे वर आले आणि खुर्चीमागे उभे राहून म्हणाले, "आज काही वाचायला नाही?" आणि मी म्हटलं, नाही, तुम्हीच बोला.

१६ सप्टेंबर

काल गेले. आजही गेले. सहा छत्तीस ते सात. का ते कळत नाही. बेकरीवाला समोर बसून दहा म्हणत होता तरी गेले.

१९ सप्टेंबर

पाचवा दिवस. आज आल्यावर हे उठून उभे राहिले, माझ्याकडे बघून अदबीने म्हणाले, "या बाई. मशीन कुठंय, घरी आहे का सोबत आणलंत?" मी मोजलं नाही. मी नुसती उभी होते. बेकरीवाला पाठ फिरवून रस्त्याकडे बघत होता. सव्वासात झाले असतील तेव्हा म्हणाले, "अगं, अशी काय उभी आहेस?"

२० सप्टेंबर

पत्र आलं. संपादकांनी पुढे पाठवलंय. एक मुलगी आहे, सातवीतली. अक्षर इतकं नेटकं की पट्टीने ओढल्यासारखं. तिनं लिहिलंय:

'आदरणीय बाई, तुमचं पुस्तक मला फार आवडलं. सगळी उदाहरणं सुटली. फक्त बेचाळिसाव्याचं उत्तर माझं ९.६ येतं आणि तुमचं १० आहे. वर्गात सगळ्यांचं दहा आलं. सर म्हणाले, पुस्तकात आहे तेच बरोबर. पण मला पटत नाही, म्हणून गेले तीन दिवस शाळेतून आल्यावर मी ते रोज पुन्हा करते. रोज ९.६ च येतं. खाली माझ्या पायऱ्या लिहिल्या आहेत. बाई, माझं कुठं चुकतं ते सांगाल का?'

पत्रावर सतरा तारीख आहे, म्हणजे हे पुन्हा जायला लागले त्या दिवसापासूनच ती ते करतेय. खाली पायऱ्या होत्या. क्ष बरोबर दहा मानलेला. वीस टक्के वजा, आठ. मग तिनं कंसात स्वतःलाच विचारलंय, 'वीस टक्के, पण कशाचे? आठचे.' हे तिला कुणी शिकवलं नसावं, तिचं तिलाच सुचलं असावं. तीस वर्षांत अशी मुलगी माझ्या वर्गात एकदाही आली नाही. आली असती तर मी तिला घरी बोलावून शिकवलं असतं, मुख्याध्यापिकाबाईंना तिची वही दाखवली असती.

मी तिला उत्तर लिहिलं. 'चि. मुलीस आशीर्वाद. तुझी रीत चुकली आहे. वीस टक्के मूळ संख्येचेच धरायचे असतात. उत्तर दहा हेच बरोबर. आता हे उदाहरण पुन्हा करत बसू नकोस, पुढच्या धड्याकडे वळ.' सही केली. तिचा कागदही परत पाठवायचा, म्हणून पाकिटात घालण्याआधी पुन्हा एकदा वाचला. एकही पायरी चुकलेली नव्हती. सव्वासहा वाजले होते, खाली मशीन चालू होतं. मी लाल पेन काढलं आणि 'पण कशाचे?' या ओळीवर, तिला स्पष्ट दिसेल अशी, मोठी फुली मारली.